मंगफमधला मुरलेला चहा

मंगफ, कुवेत
११ एप्रिल २००३

ती. आईस दत्तूचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इराकच्या युद्धाचे सायरन थांबलेत. खिडक्यांवरच्या चिकटपट्ट्या समिधाने काढल्या, अक्षदा पुन्हा खाली खेळायला जाते. आता नवी भीती चीनकडून पसरलेल्या सार्सच्या साथीची. आमच्या वरच्या मजल्यावरचे लिन, कंपनीतले वेल्डिंग सुपरवायझर, रजा संपवून चीनहून आले, तेव्हापासून त्यांच्याबरोबर कोणी लिफ्टमध्ये चढत नाही. मी काल त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गावाकडचा पुएर चहा केला. युनानच्या डोंगरातली पानं ओली करून ढिगात आंबवतात, भाकरीएवढ्या चकत्या दाबतात आणि वर्षानुवर्षं मुरू देतात. ही चकती त्यांच्या वडिलांनी ठेवलेली. सुरीच्या टोकाने तुकडा काढला, उकळतं पाणी ओतलं आणि ते पहिलं पाणी चक्क फेकून दिलं. दुसरं पाणी कोकमाच्या आगळासारखं गडद. वास भाताच्या कणगीचा, चव आधी मातकट, मग घशात सावकाश गोड. मी साखर मागितली तर हसले.

मी वर गेलो म्हणून समिधा रागावली आहे. तू सुनेचीच बाजू घेशील; तरी माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा दत्तू

माणगाव
२१ एप्रिल

चि. दत्तप्रसाद यास आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. टीव्हीवर रोज तोंडं बांधलेली माणसं दाखवतात, आणि तू त्या लिनच्या कपाने चहा पितोस. आंबवलेलं वर्षानुवर्षं ठेवायचं म्हणजे कुजवलेलंच की. त्या माणसाचं मी वाईट चिंतत नाही, पण तुझ्या घरात लहान मुलगी आहे. पुन्हा वर जाऊ नकोस. परवा फोनवर विचारलं तर तू विषय बदललास, म्हणून हे लिहून मागते. दोघींना जप.

तुझी आई

मंगफ
३० एप्रिल

ती. आईस शि. सा. नमस्कार.

तुझं ऐकलं नाही. सोमवारी लिन कामावर आले नाहीत. वर गेलो तर वॉचमनने जिन्यातच अडवलं. दाराआडून खोकला ऐकू येत होता. मी तसाच खाली परत आलो, घरात बसलो, पण जेवण जाईना. मग समिधाला आणि अक्षदाला रिग्गईला माझे मित्र काशिफभाई आणि शरीफाभाभींकडे पाठवलं. निघताना समिधाने विचारलं, अक्षदाला काय सांगू. मी बॅग उचलून खाली नेली.

मग वॉचमनला न जुमानता पुन्हा वर गेलो. लिन तापाने फणफणले होते, धाप लागली होती. तोंडाला रुमाल बांधून, गाडीच्या काचा खाली करून त्यांना हॉस्पिटलात नेलं. वाटेत माझ्या डोक्यात त्यांच्याकडचा तो चहाचा इवलासा कपच होता. त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलंय, मला घरातून बाहेर पडायला मनाई आहे. अजून ताप नाही. काशिफभाई डबा दाराबाहेर ठेवून जातात, हे पत्रही तेच टाकतील. फोनवर तुझा आवाज ऐकायचं धाडस होत नाही.

रागाव, पण अबोला धरू नकोस.

दत्तू

माणगाव
९ मे

चि. दत्तू यास आशीर्वाद.

पत्र मिळताच रिग्गईला फोन केला. समिधा म्हणाली, तुला अजून ताप नाही, पण लिनचा रिपोर्ट यायचाय. मग ती रडली.

तू चुकलास असं लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. मनात एकच येतंय, त्या माणसाला आई आहे का? तिला कोणी कळवलंय का? मी निदान रिग्गईला फोन तरी करू शकते.

ताप बघत जा. तुझ्या वाटेकडे डोळे लावून,

आई

मंगफ
२० मे

ती. आईस शि. सा. नमस्कार वि. वि.

लिनना सार्स नव्हता, साधा न्यूमोनिया निघाला. मला काहीच झालं नाही, दोघी घरी आल्या. लिन काल बरे होऊन आले; वाळलेत फार. समिधानेच त्यांना आमच्याकडे बसवलं. चहा त्यांनी केला, ती अर्धा कप प्यायली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, बरा आहे.

तुझा प्रश्न मी त्यांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितला. त्यांना आई आहे. आजार लपवून तिला ते फोनवर काम फार आहे एवढंच सांगत आले होते. मग त्यांनी आमच्याच फोनवरून गावी फोन लावला. पलीकडून म्हातारीचा चढलेला आवाज मलाही ऐकू येत होता. लिन एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते.

शेवटी त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. त्यांच्या आई माझ्याशी सावकाश, थांबून थांबून, पुष्कळ काही बोलल्या. भाषा कळत नव्हती. मी नुसतं हो आई, हो आई म्हणत राहिलो.

असाच जीव लावत राहा.

तुझा दत्तू