वालूरच्या विहिरीतला तांबडा थर

औरंगाबाद,
१८ एप्रिल १९७३

ती. अक्कास,
सूर्यभानचा सविनय जयभीम, वि. वि.

विहिरीला पाणी लागलं हे वाचून मी कॉलेजात पेढे वाटले. असल्या दुष्काळात पाणी लागणं साधी गोष्ट नाही. काळ्या दगडाखाली तांबड्या मातीचा थर लागल्यावर त्यात पुरुषभर खणून दाजी माझं ऐकून थांबले, हे फार बरं झालं. आणखी सुरुंग लावले असते तर पाणी खाली निसटलं असतं.

आता काम ऐक. पाणी त्या तांबड्या थरावर चहूबाजूंनी अडतं, हे मी दहा वर्षं दगड फोडून मांडतोय. माळव्यातल्या अभ्यासकांनी माझ्या लेखांच्या आधारावर विहिरी पाडल्या. पण या विद्येतले सगळ्यात बुजुर्ग म्हणजे कलकत्त्याचे लाहिरीबाबू. त्यांचं म्हणणं, पाणी येतं ते खडकाच्या एखाद्या भेगेतून, थराचा काही संबंध नाही. त्यांनी मान डोलावल्याशिवाय माझा मोठा लेख छापला जाणार नाही, आणि मराठवाडाभर विहिरींची पाहणीही होणार नाही.

मी त्यांना आपली विहीर सुचवली आहे. मे महिन्यात ते बघायला येतील. मी सोबत असू नये अशी त्यांची अट आहे, तेव्हा सगळं तुमच्यावर. नीट करा.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा सूर्यभान

वालूर,
४ मे १९७३

चि. सूर्यभान यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

लहानपणी दगड भरून आणायचास म्हणून आईनं तुझे खिसे शिवून टाकले होते. आता त्याच दगडांपायी कलकत्त्याचा विद्वान आपल्या दारी येतोय. मला फार अभिमान वाटतो, आणि थोडी धास्तीही.

तयारी झाली. शेजारच्या मालनबाईंनी शेवया करून दिल्या. तुझ्या दाजींनी मात्र सगळ्यांवर कडी केली. त्यांचं म्हणणं पडलं की एवढा मोठा मेहमान यायलाय अन् आपली हीर काळीकुट्ट, हे काय बरं दिसत न्हाई. जयंतीला विहार रंगवून चुना उरला होता. दोरांना फळी बांधून स्वतः उतरले आणि वरपासून पाण्यापर्यंत विहीर पांढरीशुभ्र केली. अख्खी वस्ती बघून गेली. लय नामी झाली म्हणतात.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी अक्का

औरंगाबाद,
९ मे १९७३

ती. अक्कास,
सविनय जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचून लगेच लिहायला बसलो. त्यांना खडकच तर बघायचाय, अक्का. चुन्याखाली थर कुठला दिसणार? ते कलकत्त्याहून निघालेसुद्धा. आता खरवडायलाही वेळ नाही. इतक्या लांबून बोलावून पांढरी भिंत दाखवली म्हटल्यावर माझ्या लेखाचं काय होणार हे उघड आहे.

दाजींना बोलू नकोस. माझं 'नीट करा' त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं, एवढंच.

राग नाही, लोभ तेवढाच आहे.
तुझा सूर्यभान

वालूर,
१४ मे १९७३

चि. सूर्यभान यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी लाहिरीबाबूही आले. तुझे दाजी पत्र वाचून गोठ्यात जाऊन बसले ते बाहेरच येईनात. इतक्या वर्षांच्या मेहनतीवर आपण पाणी ओतलं, असं म्हणत होते.

लाहिरीबाबू विहीर बघून आधी हसले, मग एकदम धोतर न सांभाळता काठावर पालथे पडून आत बघू लागले. मीही वाकले. काळ्या दगडावर चुना घट्ट बसला होता, पण तांबड्या थराच्या अगदी वर ओलीनं गळून पडला होता. तोही एका जागी नाही, गोल सगळीकडून, कुठं खंड नाही. भेगेतून पाणी येत असतं तर तेवढ्याच जागचा चुना पडला असता, हे मलासुद्धा कळलं.

चुना कुणी लावला, असं त्यांनी हिंदीत विचारलं. मी गोठ्याकडं बोट दाखवलं. ते स्वतः गेले, दाजींना हाताला धरून बाहेर आणलं, आणि म्हणाले की इतकी साफ परीक्षा आपल्याला चाळीस वर्षांत सुचली नाही. शेवया दोनदा मागून घेतल्या.

आता निवांत झोप.
तुझी अक्का

वालूर,
१० मार्च १९७४

चि. सूर्यभान यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

छापील लेख पोचला. माझं इंग्रजी बेताचं, तरी 'वालूर' शोधून त्यावर बोट ठेवलं. लाहिरीबाबूंनी आपलं जुनं मत चुकल्याचं सोबत स्वतः लिहिलंय, हे तू कळवलंस. मोठी माणसं अशी असतात. तूही मोठा झालास. हे समोर म्हणणार नाही, म्हणून लिहिते.

तुमची पाहणी सुरू व्हायची तेव्हा होवो. इथं काल दत्तराव पाटील आले होते. त्यांच्या नव्या विहिरीला तांबडी माती लागलीय. कुठं थांबावं ते ताडून बघायचं होतं. यांच्याच वाड्यावरच्या विहिरीच्या काठाला आपल्या आबांचा पाय लागू देत नव्हते. वरून ओततील तेवढं ओंजळीत घ्यायचे आबा. काल तेच दत्तराव आपल्या या विहिरीच्या काठावर वाकून बराच वेळ थर बघत होते, तुझे दाजी समजावून सांगत होते.

ऊन फार होतं. निघताना खाली बघत म्हणाले की बाई, घोटभर पाणी मिळंल का. मी आपल्या विहिरीचं पाणी तांब्याभर दिलं. उभ्या उभ्या सगळं प्यायले.

जीव लावतोस तसाच लाव.
तुझी अक्का,
धुरपता