उपडी होडी सुलटी केल्याबद्दल

चि. प्राचीस काशिरामकाकाचे आशीर्वाद.

तुझी तब्येत, तुझ्या सॅक्सोफोनची तब्येत आणि तुझ्या बाबांचे गुडघे ठीक असतील असं धरून चालतो. इथे खांदा कॉलनीत मी नि तुझी रंजिताकाकू मजेत होतो. म्हणजे परवा तुझी सीडी कुरियरने येईपर्यंत होतो.

माझ्या सहा चित्रांवर तू जॅझच्या सहा रचना केल्यास, त्यातलं एक कव्हरवर घेतलंस, कौतुक आहे. छप्पन्न वर्षांत पहिल्यांदा माझं चित्र छापून आलं, आणि आलं ते उलटं! अगं, ती होडी उपडीच आहे! उरणच्या किनाऱ्यावर ओंडक्यांवर पालथी घातलेली तुझ्या आजोबांची होडी, बुडाला डांबर लावायला. कोळ्याच्या घरची मुलगी तू (ठाण्यात वाढलीस म्हणून काय झालं?), तुला एवढं दिसू नये? तुझ्या डिझायनरने दिली फिरवून. आकाश खाली गेलं, त्याचं पाणी झालं. वाळू वर गेली, तिचं आभाळ झालं. आणि वाळूत पडलेलं डांबराच्या डब्याचं झाकण आता त्या आभाळात लटकतंय, म्हणून रचनेचं नाव काय, तर 'काळा चंद्र'! सात मिनिटं बावीस सेकंद (घड्याळ लावून ऐकलं) तू एका झाकणासाठी सॅक्सोफोनवर हंबरडा फोडला आहेस. मागे ड्रमवर लाटा. लाटा कुठून आल्या? होडी कोरड्यात आहे!

तुमच्या जॅझमध्ये वाटेत सुचेल ते वाजवतात, मान्य. चित्राचं तसं नसतं. मी कुठल्या चित्रशाळेत गेलो नाही, होड्यांवर नावं रंगवत शिकलो, पण काम चोख. प्रत्येक चित्र संपत आलं की उलटं धरून तपासतो, म्हणजे तोल कुठे गेलाय ते कळतं (ही युक्ती माझी मीच शोधली). तेव्हा सगळी कव्हरं नव्याने छापून घे. नाहीतर रविवारच्या प्रकाशनाला मी येणार नाही. तिथे पनवेलभरचे लोक येणार आणि मला झाकणाबद्दल विचारणार.

तुझा,
काशिरामकाका

ता. क. — पुरावा म्हणून मूळ चित्र कपाटामागून काढलं. सही बघून काकू म्हणाली, "अवो, होडी पालथी नि सही पन पालथी? मंग पोरीचं काय चुकलं?" तपासायला उलटं धरलं होतं, तेव्हाच घाईत सही केली असणार. हे डिझायनरला कळता कामा नये.

ता. क. २ — कव्हर बदलू नकोस. ते डांबर वाळलं आणि आठवड्यात तुझे आजोबा गेले. नारळी पौर्णिमेला होडी उतरायची होती, ती कधीच उतरली नाही. तुझ्या लाटा मी अकरा वेळा ऐकल्या. रविवारी पुढच्या रांगेत दोन खुर्च्या ठेव, आणि तेवढं 'काळा चंद्र' शेवटी घे. आम्हाला पोचायला उशीर झाला तर ते चुकायला नको.