आठ स्क्रूंचा पाट

९ जाने. ७९, मंगळ.
जऊळक्याच्या गुरुजींचं काम बिघडवलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आपोआप विझणारा दिवा करायचा आहे. त्यांनी नागपूरहून दोन आयसी आणून दिल्या. काळा किडा, आठ बारीक पाय. कथलानं वायर डागता डागता एकीचा पाय तुटला. आता एकच उरली. मेडशीत इतकी वर्षं रेडिओ दुरुस्त करतो, पण असलं नाजूक... डोळेही पूर्वीचे नाहीत.

११ जाने., गुरु.
मालेगावहून सामान घेऊन आलो, तर दुकानात माझ्या खुर्चीत बायको, कमल. जुन्या पाटाला आठ पितळी स्क्रू, मधोमध आयसी. एकेका पायाची वायर एकेका स्क्रूवर आणलेली.
"आता पायाले हातच लावा नोका. वायर स्क्रूले आवळा. चुकली तं सोडा, पुन्हा लावा."
डाग कोणी दिले विचारलं.
"म्या. इतके वर्षं तुमालेच पाहून राह्यली नं."
जोडून पाहिलं. पहिल्याच फटक्यात दिवा लागला, विझला. ठीक आहे म्हणालो. जेवण गेलं नाही.

१५ जाने., सोम.
गुरुजी आले. मी तोंड उघडायच्या आत कमलनं सगळं समजावलं. "कमाल हाय वहिनी. शनिवारी शाळेत या, पोरायले दाखवा." मला नुसतं, "देवराव, नशीबवान आहा तुमी." जळलो. इथे लिहायला लाज कसली, चक्क जळलो.

१८ जाने., गुरु.
स्टँडवरचा चहावाला रेडिओ घेऊन आला. "वहिनी नाईत का? मंग उद्या येतो." माझ्या नावाच्या पाटीखाली उभा राहून.

२० जाने., शनि.
कमल एस.टी.नं जऊळक्याला गेली, पाट मांडीवर घेऊन. चला म्हणत होती. गेलो नाही. एक काम धड झालं नाही. अंधार पडताना पाट घेऊन परत आली.
"कसं झालं?"
"झालं बरं."
भाकरी थापायला बसली.

२३ जाने., मंगळ.
गुरुजींकडून कळलं. हे कोणाचं डोकं, असं हेडमास्तरांनी विचारल्यावर कमल म्हणाली, "आमच्या घरच्यायचं. म्या फक्त स्क्रू आवळले."
गुरुजी माझ्याकडे रोखून बघत होते. "खरं काय ते तुमालेच ठावं. पाटावर नाव टाकाचं हाय. उद्या पेंटर धाडतो, त्याले सांगा."
मी म्हणालो, चहा घ्या.
ते गेल्यावर तिला विचारलं, काहून सांगितलं असं?
"धड बोलून नाई राह्यले तुमी माह्याशी. टाका तुमचंच नाव. मले काय करायचं हाय त्याचं?" आणि फोडणी दिली.
भांडली असती तर मीही भांडलो असतो. हवं होतं ते तिनं आपण होऊन दिलं, तरी जळतोच आहे. आता तिच्या देण्यावर.

२४ जाने., बुध.
पेंटर आला. आधी शाळेचं नाव टाक म्हणालो. ते झालं. "खाली कोणाचं लिवू?" कमल आतच आहे, बाहेर येत नाही. तो ब्रश धरून बसलाय. मी थांब म्हणून आत आलो आणि हे लिहीत बसलोय. उठतो, 'कमल' लिही म्हणून सांगतो.