अलोंझाने अर्ज मागे घेतल्यास

मी, व्हर्लीन पेटिफोर्ड स्प्रुइल, वेंडेल स्प्रुइल यांची विधवा, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार टारबेंड, नॉर्थ कॅरोलायना, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतः लिहीत आहे. माझा आजार पोटाचा आहे, डोक्याचा नाही. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या घरात कोणीच केले नव्हते.

एक. मला वेंडेलशेजारी पुरावे. प्रार्थना लांबवू नये. नंतर चर्चमध्ये जेवण असेलच. तळलेली कोंबडी आणि कोलार्डची भाजी माझी मैत्रीण हॅटी बेझमोर हिच्याकडून करून घ्यावी, पास्टरच्या बायकोकडून नको.

दोन. वेंडेलची सुतारकामाची हत्यारे चर्चच्या दुरुस्ती मंडळाला द्यावीत. तो वसंतात गेला. रंधा अजून त्याने ठेवला होता तिथेच आहे, मी हलवलेला नाही.

तीन. गाडी माझी भाची डेल्फीन हिला. ती माझ्या दिवंगत भावाची, रेमंडची मुलगी. गाडी देण्यामागे एक काम आहे. माझा धाकटा भाऊ अलोंझा पेटिफोर्ड राजधानी रॅले इथल्या तुरुंगात देहदंडाच्या कैद्यांत आहे. त्याला दर महिन्याला भेटायला जावे. वेंडेल मला नेत असे. तो कधी आत आला नाही, गाडीतच बसून राहायचा. "मला तिथं काय बोलायचं सुचणार नाही," म्हणायचा. पण "आज राहू दे" असे तो एकदाही म्हणाला नाही.

चार. शिवणयंत्र आणि बरण्यांत भाज्या टिकवायचा मोठा कुकर हॅटीला. या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करायची तिची फार इच्छा होती. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्ष देऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितले. हॅटी म्हणाली, "म्हणजे इथंही मला काढलंच!"

ती असे का म्हणाली ते लिहिणे जरूर आहे. अलोंझाच्या खटल्यात ज्यूरीसाठी तिला बोलावणे आले होते. ती ईस्टरची हॅट घालून, हातमोजे चढवून कोर्टात गेली आणि जेवणाच्या आत घरी परतली. मी विचारले तेव्हा म्हणाली, "सरकारी वकिलांनी विचारलं, तुमच्या नात्यात कोणी तुरुंगात गेलंय का? मी म्हटलं, चुलतभाऊ. ते म्हणाले, आभारी आहोत, या तुम्ही." जिचा सख्खा मुलगा तुरुंगात होता ती गोरी बाई ज्यूरीत बसली. आमच्या काउंटीत निम्मे लोक आमच्यासारखे काळे आहेत. माझ्या भावाच्या ज्यूरीत एकही नव्हता.

पाच. अलोंझाने गुन्हा केला. पेट्रोलपंपाचे मालक कार्ल एथरिज यांना त्याने गोळी घातली. ते भले गृहस्थ होते, माझ्या गाडीची हवा ते स्वतः तपासत. त्यांच्या मुलीसाठी मी काही ठेवत नाही. ठेवण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. पुढे जे लिहिले आहे त्यावरून तिच्या वडिलांचा जीव मी हलका मानला असे कोणी म्हणू नये.

सहा. आमच्या राज्याने एकदा कायदा केला होता. शिक्षा देताना किंवा ज्यूरी निवडताना कातडीचा रंग पाहिला गेला हे दाखवून देता आले, तर देहदंडाऐवजी जन्मठेप द्यायची. सुटका नाही, मरेपर्यंत तुरुंगच. अलोंझाने तेव्हा अर्ज केला. चार वर्षांनी राज्याने तो कायदा रद्द केला. नंतर वरच्या कोर्टाने सांगितले, ज्यांचे अर्ज आधी आले आहेत त्यांचे ऐकून घ्यावे लागेल. अलोंझाची पाळी अजून आलेली नाही.

मागच्या भेटीत काचेपलीकडून तो म्हणाला, "ताई, मी अर्ज मागे घेतोय."

"का?"

"जिंकलो तर म्हातारा होऊन आत मरायचं. हरलो तर विषाची सुई. यात निवडायचं काय?"

"जिवंत राहणं."

"वा, मास्तरीणबाई! पोरांना तरी एवढं सोपं गणित घालायचीस का?" तो हसला. मग म्हणाला, "वेंडेलभावजी गेले. तू अशी आजारी. मी मिटलो की तू मोकळी होशील गं."

मी त्याला म्हटले, "मला मोकळं करायला तुला कोणी सांगितलंय?" मग भेटीची वेळ संपली.

सात. घर आणि जमीन. माझे वडील म्हणत, "कागद कोर्टात गेला की जमीन कोर्टाची झाली." म्हणून त्यांनी मृत्युपत्र केले नाही, त्यांच्या वडिलांनीही केले नव्हते. जमीन सगळ्या वारसांची सामाईक राहिली, आणि वडिलांना वाटले की ती सुरक्षित आहे. मग बाल्टिमोरच्या एका चुलतभावाने, ज्याने ही जमीन डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, आपला हिस्सा शेजारच्या शिकारी क्लबला विकला. क्लबने कोर्टात वाटणी मागितली. वाटणी होईना, म्हणून कोर्टाने सगळीच जमीन लिलावात काढली. क्लबने ती घेतली. वेंडेलने आणि मी घर आणि आईवडिलांच्या थडग्यांपुरती एक एकर तेवढी सोडवली. क्लबचे अध्यक्ष प्रेंटिस हॅरेल अजून कुंपणापाशी येऊन विचारतात, "मिसेस स्प्रुइल, विचार केलात का?" त्यांचे कुत्रे माझ्या आईच्या थडग्यावर उभे असतात.

ही एक एकर आणि त्यावरील घर मी माझा भाऊ अलोंझा पेटिफोर्ड याला देत आहे. घरात डेल्फीनने हयातभर राहावे. अलोंझाला मृत्यू कसाही आला तरी आईच्या डाव्या बाजूची जागा त्याची. नातलगांपैकी ज्यांना खुनी माणूस आईशेजारी नको आहे त्यांनी आपली सोय दुसरीकडे करावी.

आठ. अलोंझाने आपला अर्ज स्वतः मागे घेतल्यास कलम सात रद्द समजावे आणि ती एक एकर, घर व थडग्यांसह, शिकारी क्लबला विकावी.

हे डेल्फीनला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आत्या, तू काकाच्या गळ्यात माझं घर बांधतेयस."

"हो."

"आणि आजीलाही."

"तिलाही."

ती खिडकीपाशी गेली. मग म्हणाली, "ठीक आहे. मी राहीन इथं. पण त्याला सांगायला मी जाणार नाही, तूच सांग." मी येत्या भेटीत सांगणार आहे. तोवर मी राहिले नाही, तर हे पान त्याला पाठवावे.

नऊ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील आयरिस ब्लाउंट यांनी करावी. कलम आठ वाचून त्यांनी चष्मा काढला. "मिसेस स्प्रुइल, ही अट टिकेल असं मी सांगू शकत नाही. कोणी आव्हान दिलं तर प्रकरण वर्षानुवर्षं चालेल."

मी विचारले, "आणि तोवर अर्ज मागे घेणं त्याला परवडेल?"

त्या म्हणाल्या, "तोवर कोणालाच काही नक्की माहीत नसेल."

अट आहे तशीच ठेवावी.

वरील सर्व मजकूर माझा आहे. वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही करत आहे.

व्हर्लीन पेटिफोर्ड स्प्रुइल

साक्षीदार: यांना या मृत्युपत्राने काही मिळत नाही. सही करणारी बाई आमच्यासमोर बसली होती, तिने स्वतःच्या हाताने सही केली.
१. क्लॅरिस मूर, परिचारिका
२. ऑर्विल टेट, पोस्टमन

टारबेंड, नॉर्थ कॅरोलायना
१२ ऑक्टोबर २०२३