मेंदूकडे वाढलेली वर्दळ

५ जुलै, एल आल्तो (समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर)
पोचलो. इतकी वर्षं सांताक्रूझच्या सखल उकाड्यात शिवणकाम केलं, पण रक्त इथलंच. गाडी लागावी तशी टुरिस्टांना उंची लागते. मला नाही. जिन्यात बसलो ते नुसतं घर न्याहाळायला. डोकं ठणकतंय. बसमधला रेडिओ, दुसरं काय.

६ जुलै
जिच्याकडे उतरलोय ती भाची सुल्मा डॉक्टर आहे. विरळ हवेत मेंदू कसा जमवून घेतो, यावर तिचा अभ्यास. माझ्या कानशिलावर गार जेल फासून यंत्र टेकवलं. म्हणाली, मामा, मेंदूकडे नेहमीपेक्षा जास्त रक्त धावतंय. वाटलंच होतं! प्राणवायू कमी पडतो म्हणून रक्तवाहिन्या रुंदावतात, आठवडाभरात ओसरतं, असंही म्हणाली. ते सामान्य लोकांचं.

७ जुलै
झोप नाही. जास्त रक्त, जास्त बुद्धी. साधा हिशेब. परवाच्या जत्रेत नाचाचं पथक मीच पुढे नेणार. दुपारी ग्रेगोरियाला मागणी घातली. शाळेतली मैत्रीण, आता विधवा, बटाट्याचं दुकान. तिला सुल्माने आधीच सगळं सांगितलेलं. म्हणाली, मेंदू ठिकाणावर आला की परत विचार. म्हणजे जवळजवळ होच.

९ जुलै
जत्रा. पोशाख घंटेएवढा जड. पुढे मी, मागे पथक, त्यामागे बँड. देवळाऐवजी डुकरांच्या बाजाराचा रस्ता घेतला. वेगळेपणा हवा म्हणून. डुकरं बिथरली. ट्रॉम्बोनवाला पडला. ग्रेगोरिया भिंतीला धरून हसत होती. यशस्वी दिवस.

१४ जुलै
डोकं दुखत नाही. जिना एका दमात. सुल्माने यंत्र लावलं. प्रवाह पूर्ववत. छान जमवून घेतलंत, म्हणाली. मी पुन्हा मोजायला लावलं. पूर्ववतच.

१५ जुलै
भांग पाडून ग्रेगोरियाकडे गेलो. मुद्देसूद बोललो : दोघांचं वय, थंडी, दुकानाला हातभार. ती बटाटे निवडत राहिली. मग म्हणाली, "वेंचो, जो बँडसकट डुकरांत घुसला ना, त्याला मी हो म्हणणार होते."
"तो मीच."
तिने मला खालून वर नीट पाहिलं. "नाही रे," म्हणाली.
घरी येऊन सुल्माला विचारलं, याहून उंच गाव कुठलं, तिथे गेलो तर प्रवाह परत वाढेल ना? तिने यंत्र कपाटात ठेवून कुलूप लावलं.