हॉलमधला सम्राट

३ जानेवारी
साडूंकडे जेवायला. त्यांनी जेवणापेक्षा आपली माशांची टाकीच जास्त आग्रहाने वाढली. गप्पी मासे! रंग गेलेल्या चिंध्या पाण्यात सोडाव्यात तसे. साडू एकेकाचं कौतुक सांगत होते आणि बायको दर वेळी ‘किती गोड’ म्हणत होती. माणसाने मासा पाळावा तर असा, की पाहुण्याने पाय वर घेऊन बसावं. संकल्प केला.

५ जानेवारी
रेडटेल कॅटफिश आणला. काळी पाठ, पांढरं पोट, लाल शेपूट, वर मिशा. आत्ता बोटाएवढाच, पण नजरेत जरब. नाव ठेवलं सम्राट. दुकानदार म्हणाला, साहेब, हा घरात ठेवायचा मासा नव्हे, माझ्या या काउंटरएवढा होतो. हसलो. आपल्याच मालाची बदनामी करणारा माणूस धंद्यात काय टिकणार? मासा टाकीच्या मापाने वाढतो, हे मी वाचलंय. कुठे ते आठवत नाही, म्हणजे सगळीकडेच छापून आलेलं असणार.

१९ जानेवारी
साडूंनी सम्राटला सोबत म्हणून पिशवीभर गप्पी पाठवले. रात्री सोडले. सकाळी टाकी रिकामी, सम्राट लिंबासारखा गोल. बायकोने विचारलं, पाहुणे कुठे गेले? म्हटलं, दगडाआड असतील, लाजाळू जात. ती म्हणाली, टाकीत दगडच नाहीये. तिला नसत्या तपशिलांची फार हौस. साडूंना फोनवर सांगितलं, सगळे अगदी एकजीव झालेत.

२ मार्च
टाकी अपुरी पडते. म्हणजे त्या दुकानदाराने मुळात लहान गळ्यात मारली. भिंतभर लांबीची नवी आणली. सोफा बाल्कनीत. आल्यागेल्याने बसायचं कुठे, हा बायकोचा प्रश्न. म्युझियममध्ये कोणी बसतं का?
कोळंबी सोलून खाऊ घालण्याचं काम तिच्याकडे दिलंय. तेवढं तिला जमेल. शिस्त आणि शिक्षण माझ्याकडे. काचेवर टिचकी मारली की सम्राट धावत येतो. आज आला नाही. विचारात असावा.

२१ एप्रिल
सम्राटने प्लास्टिकचं झाड गिळलं. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मी कुत्र्यामांजरांचा डॉक्टर, माशाचं मला फक्त तळणं ठाऊक आहे. असल्यांना डिग्र्या देतात! संध्याकाळी सम्राटने झाड आपणहून ओकून टाकलं. कोणापुढे तोंड वेंगाडलं नाही. याला म्हणतात स्वाभिमान. उद्यापासून पहाटे उठून त्याच्यासारखं निश्चल बसणार.

२२ एप्रिल
उशिरा जाग आली.

११ जून
बढतीचा विषय निघालाय, म्हणून साहेबांना सपत्नीक जेवायला बोलावलं. मुख्य कार्यक्रम सम्राट. बाही वर केली, माशाचा तुकडा धरून हात पाण्यात घातला. सम्राटने तुकडा घेतला. सोबत हातही घेतला, मनगटापर्यंत. दात बारीक असतात, पण कानशीसारखे. मी चेहऱ्यावर काही दिसू न देता त्याच्या आहाराची माहिती सांगत राहिलो. साहेबांनी विचारलं, काही मदत करू का? म्हटलं, छे, ही त्याची माया. तेवढ्यात त्याने शेपूट मारलं. अर्धी बादली पाणी साहेबांच्या पत्नीच्या अंगावर. बायको आली, टाकीच्या दुसऱ्या टोकाला कोळंबी टाकली आणि म्हणाली, सोड रे. त्याने सोडलं. निव्वळ योगायोग.

१५ जून
बढती गेली टेबलावर मनीप्लँट ठेवणाऱ्याला. आमच्या ऑफिसची उडी तेवढीच. हाताला अजून पट्टी. लोक विचारतात; वाघाचं सांगावंसं वाटतं.

९ जुलै
टाकीच्या सांध्यातून पाणी झिरपून खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या छताला पोपडे आले. एका पेशंटच्या उघड्या तोंडात एक पोपडा पडला म्हणे. डॉक्टर वर येऊन ओरडत होते. मी शांतपणे म्हटलं, तोंड उघडं ठेवायला त्याला तुम्हीच सांगितलं होतं ना? शिकलेल्या माणसाला एवढा राग शोभत नाही. सोसायटीने मात्र निर्वाणीचं सांगितलंय: टाकी तरी हलवा, नाहीतर तुम्ही तरी.

१३ जुलै
सम्राट हल्ली भिंतीकडे तोंड करून असतो. मी ऑफिसात सांगितलं, ध्यान करतो. आज बायकोने हातातलं काम टाकून मला टाकीपुढे उभं केलं. म्हणाली, नीट बघा. ध्यानबिन काही नाही, त्याला वळता येत नाहीये. वळायला जातो आणि तोंड काचेवर घासतं. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. मत्स्यालयाशी ती परस्पर बोलून बसली आहे. मला न विचारता! खरं तर मीही तोच विचार करत होतो. करणार होतो.

३ ऑगस्ट
मत्स्यालयाची माणसं ताडपत्री घेऊन आली. मी सूचना देत होतो. त्यांच्यातला दाढीवाला म्हणाला, काका, जरा बाजूला उभे राहता का? सम्राट ताडपत्रीसकट लिफ्टमध्ये मावेना, तेव्हा जिन्याने नेला. बायको सोबत उतरत होती, त्याच्या अंगावर मगाने पाणी घालत, त्याच्याशी बोलत. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही. मी वरूनच हात केला.
हॉल फारच मोठा वाटतो.

७ सप्टेंबर
बायकोला घेऊन मत्स्यालयात. भला मोठा हौद. आत सम्राट. त्याच्या शेजारी आणखी एक सम्राट. मागे तर रांगच. सगळे लाल शेपटीचे, सगळे मिशीवाले. तिथला रखवालदार म्हणाला, सगळे कोणाच्या ना कोणाच्या हॉलमधून आलेले. माझा सर्वांत पुढे होता. रुबाब लपत नाही. काचेवर टिचकी मारणार, तेवढ्यात शेजारच्या एका टकल्या गृहस्थांनी माझा हात धरला. म्हणाले, अहो, माझ्या माशाला त्रास देऊ नका, तो माझ्याशिवाय कोणाला ओळखत नाही. इतकी कीव आली त्यांची! तसं स्पष्ट सांगितलंही. त्यांनीही मला काही स्पष्ट सांगितलं. आवाज ऐकून रखवालदार आला, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, ही पुढची मादी आहे, एका हॉटेलच्या हॉलमधून आलीये.
गृहस्थ आणि मी दोघेही चपलांकडे बघत बाहेर पडलो.
गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, मी भेटून आले त्याला. बरा आहे, मजेत फिरतोय.
कुठला, ते मी विचारलं नाही.