सीटखालच्या रेघा

मंगळवार, १२ मार्च १९७४

उगाच बोललो. तेव्हापासून चैन नाही.

रंगय्याकाकांची जुनी विलायती सायकल मी गेल्या वर्षी विकत घेतली. हातमाग सांभाळून ते हिच्यावरून विजापूर, हंपी, पार तिरुपतीपर्यंत जाऊन आले होते. तीन महिने खपून मी ती नवी केली आणि आज संध्याकाळी हौसेने त्यांना बघायला बोलावलं. त्यांनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. सीटखालच्या दांडीवरून अंगठा फिरवला.

"हितं रेघा होत्या की."

होत्या. गंजाचे ओरखडे समजून मीच पॉलिशपेपरने घासून टाकल्या. प्रत्येक प्रवासाहून परतलं की काका कानशीने एक रेघ पाडत, हे मला कुठे ठाऊक?

"असू द्या. किती होत्या तेवढं सांगा. तुमी पेपरवाले, माणसं मेली तरी मोजता!"

मोजल्या नव्हत्या. तरी म्हणालो, "सतरा." का? वीस वर्षांत बातमीत एक आकडा अंदाजाने लिहिला नाही मी.

काकांचा चेहरा उजळला. "सतरा? मला चौदाच वाटत होत्या!" मग बोटांवर गावं मोजत बसले. चौदावर अडकले. पुन्हा पहिल्यापासून. खरं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात ते उठले.

"तीन गावं इसरलो बगा. म्हातारा झालो. आठवली की येतो. कानस काढून ठेवा."

कानस समोर टेबलावर आहे. काका आत्ताही घरी बसून ती तीन गावं शोधत असतील.